एका बाटलीत डिंभे

थंडी पडली की मला डिझेलचा वास येतो.

बाकीच्यांना रीतसर वास येतात. कोणाला हुरड्याचा, कोणाला गुऱ्हाळावरच्या काहिलीचा, माझ्या मुलीला म्हणे कोल्ड क्रीमचा. मला डिझेलचा येतो. तोही पंपावरच्या ताज्या डिझेलचा नव्हे, तर गारठलेल्या इंजिनाने पहिल्या दोन-चार किकांना तोंडावर फेकलेल्या पांढऱ्या धुराचा. परवा सकाळी दार उघडलं तर समोर उसावर धुकं पसरलेलं, हायवेच्या बाजूने पारगावच्या कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरची घरघर, आणि शेजारच्या विहिरीवर कोणाचं तरी जुनं इंजिन खोकून खोकून बंद पडत होतं. चहाचा कप हातात धरून मी उंबऱ्यात उभीच राहिले.

"दार लाव की, गार वारं आत येतंय," आतून सुरेश म्हणाला.

"अहो, आवाज ऐका जरा."

"एअर धरलीय त्यानं." पांघरुणातूनच निदान झालं.

सुरेश माझा नवरा, पेशाने मेकॅनिक. लिहिताना मी त्याचं नाव घेते आहे, घरात अजून 'अहो'च चालतं. एअर धरणं म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरणं. टाकी कोरडी पडली की असं होतं, आणि मग कितीही किक मारा, ती हवा काढल्याशिवाय इंजिन हूं की चूं करत नाही. काही माणसंही अशी एअर धरून बसतात. आमच्या घरात एक होतं, त्यांच्याकडे येतेच आहे.

मी नर्स. आता निवृत्त झाले, तरी गावात अजून सिस्टरच. माहेर येडगावचं, धरणाच्या काठावरचं. लग्न होऊन आले ती नारायणगाव आणि मंचर यांच्या मधल्या या गावात, आणि नोकरी लागली ती डिंभ्याच्या उपकेंद्रात. एका धरणाच्या पाण्यात पाय सोडून मोठी झाले आणि दुसऱ्या धरणाच्या पाण्याशेजारी पोरांच्या दंडांना लस टोचत केस पिकवले. मधे रस्ता होता, मंचरवरून घोडेगाव आणि घोडेगाववरून डिंभं. माझं सगळं आयुष्य त्या रस्त्यावर टिकतं की सुटतं असा प्रश्न एका थंडीत आला होता. दोन हजार साल उलटून गेलं होतं, पण डिंभ्याची एस.टी. अजून तिच्या मनाला येईल तेव्हाच यायची. कधी यायची, कधी घोडेगावातूनच मागे वळायची. तिच्या भरवशावर राहिलं की लस थंडगार डब्यात आणि मी स्टँडवर.

मग सुरेश मला रोज मोटारसायकलवर सोडायला लागला. गाडी पेट्रोलची, जुनी, आणि पेट्रोल पिण्यात कोणाला हार न जाणारी. आमचे सासरे, म्हणजे तात्या, ओसरीवर बसून हे सगळं बघायचे. तात्यांचा स्वभाव सरळ होता आणि तोंड त्याहून सरळ.

"पगार कमवायचा आनि टाकीत वतायचा, ह्याला नोकरी म्हनत न्हाईत," ते एका सकाळी म्हणाले. "घरी पोरगी लहान हाये, रानात कांद्याची लागन हाये. संक्रांतीपतूर बघा, न्हाईतर राजीनामा दिऊन मोकळी हो."

मला राग आला. आजही सांगताना येतो. नोकरी माझी, ट्रेनिंग माझं, आणि मुदत घालायची तात्यांनी! पण त्यांचं बोलणं खोटंही नव्हतं, म्हणून राग जास्त. गावाकडे भांडण कोणत्या मुद्द्यावर करायचं हे आधी ठरवावं लागतं. मी नोकरीच्या हक्कावर भांडले असते तर सगळी भावकी समजूत घालायला आली असती. सुरेशने मुद्दाच बदलला. तो म्हणाला, "तात्या, गाडीनं खर्च कमी केला तर?"

"किती कमी?"

"पानी काढायच्या इंजिनाएवढा."

आता हे सांगायला हवं, कारण हल्लीच्या पोरांना खोटं वाटतं. त्या काळात आमच्या भागात जुन्या बुलेटचं पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी शेतीपंपाचं छोटं डिझेल इंजिन बसवायची टूम होती. चौकट तीच, चाकं तीच, पोटात मात्र विहिरीवरचं यंत्र. अशी गाडी पळायची नाही, चालायची. एवढी थरथरायची की आरशात मागच्या एका एस.टी.च्या दोन दिसायच्या. नटबोल्ट वाटेत सांडायचे. हातातल्या बांगड्या आपोआप वाजायच्या. पण डिझेल प्यायची चिमणीएवढं, आणि त्या एका गुणावर तिचे सगळे अवगुण माफ होते. आमच्याकडे कोणाच्याही दारात नवी गाडी आली की पहिला प्रश्न 'किती देते?' हाच. गायीबद्दल तोच प्रश्न, बोअरबद्दल तोच, आणि जावयाबद्दलही फार वेगळा नाही.

सुरेशचं गॅरेज नारायणगावात. कोणाच्या तरी पडवीत जिच्यावर कोंबड्या बसत होत्या ती बुलेट त्याने आणली, एका बागायतदाराचं वीज आल्यावर टाकून दिलेलं इंजिन आणलं, आणि दिवाळीपासून कांदेलागणीपर्यंत तो रात्री जेवायला आला की हाताला साबण लागायचा नाही, एवढा काळा. पुढचं दातेरी चाक बदलून बघितलं. मोठं बसवलं की सपाटीवर अॅव्हरेज वाढायचं पण चढाला गाडी रडायची, लहान बसवलं की उलट. शेवटी दोन्हीच्या मधलं एक मिळालं. इंजिन बदलल्याची नोंद कागदांवर करून घ्यायला त्याने आर.टी.ओ.च्या खेपा घातल्या, तो वैताग वेगळाच. पहिल्यांदा ती गाडी अंगणात सुरू झाली तेव्हा चुलीपुढून सासूबाई धावत आल्या, त्यांना वाटलं विहिरीवरचं मशीन घरात आलं.

"लिटरला सत्तर देनार," सुरेश म्हणाला.

"तोंडानं समदेच देत्यात," तात्या म्हणाले. "बाटली लाव."

बाटली लावणं ही आमच्या भागातली पक्की रीत. टाकीतलं तेल काढून घ्यायचं, सलाईनच्या रिकाम्या बाटलीत मोजून तेल भरायचं, ती हँडलला उलटी टांगायची आणि तिची नळी थेट इंजिनाला जोडायची. मग गाडी हाणायची, बाटली संपून गाडी जिथे बंद पडेल तिथवरचं अंतर म्हणजे खरं अॅव्हरेज. भर रस्त्याने सलाईन लावलेली मोटारसायकल जाताना बघून बाहेरगावचा माणूस चक्रावायचा. आम्हाला त्यात काही वाटायचं नाही. गाडी घेताना-विकताना बाटली लावल्याशिवाय सौदा व्हायचा नाही. माझ्या नोकरीचा सौदाही तसाच ठरला.

"अर्ध्या लिटरची बाटली," तात्यांनी मांडलं. "आपल्या दारापासनं डिंभ्याच्या दवाखान्यापतूर. मी मागं बसनार. पोचली तर नोकरी ऱ्हाईल, मी पुन्यांदा तोंड उघडनार न्हाई. न्हाई पोचली तर राजीनामा."

बाटली मीच उपकेंद्रातून आणली, गरम पाण्याने धुऊन. माझ्या नोकरीचा कौल माझ्याच सामानातून लागणार होता, याची मला त्या वेळी गंमत वाटली नव्हती. आता वाटते.

कौलाच्या दिवशी मी सकाळची एस.टी. पकडून पुढे गेले, कारण त्या दिवशी लसीकरण होतं आणि आया पोरं घेऊन यायच्या होत्या. निघताना अंगणात तात्या गाडीची टाकी उतरवून उलटी करत होते. शेवटचा थेंब गळाला तरी त्यांचं समाधान होईना. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून टाकीच्या तोंडातून आत कोंबलं, फिरवलं, बाहेर काढून नाकाशी धरलं.

"कोरडी खडखडीत," ते म्हणाले. "मागनं कोनी म्हनाया नगं."

मंचरपर्यंत माझी बस उसाच्या गाड्यांच्या मागे रखडत होती. हंगाम जोरात होता. बैलगाड्यांच्या रांगा, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, वर मावेल तेवढा ऊस, आणि रस्त्यावर पडलेल्या कांड्या वेचणारी पोरं. एरवी मी खिडकीतून हे बघत मजेत जायचे. त्या दिवशी प्रत्येक बैलगाडी मला माझी दुश्मन वाटत होती. गाडी रांगेत अडकली की तेल जळतं आणि अंतर वाढत नाही, एवढं मेकॅनिकच्या बायकोला कळतं. मी देवाला काय मागितलं असेल? नवऱ्याचं आरोग्य नव्हे, मुलीचं शिक्षण नव्हे. मी म्हटलं, रस्ता मोकळा ठेव रे बाबा.

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. व्हरांड्याच्या तुळईला झोळीचा काटा टांगून मी पोरांची वजनं करत होते. धरणावरून गार वारा येत होता, बायका पदराखाली पोरं गुंडाळून बसल्या होत्या, आणि माझा एक कान रस्त्याकडे. त्या गाडीचा आवाज कोसावरून ओळखू यायचा. मधे एकदा आलाही. डग डग डग, लांबून, मग जवळ, मग आणखी जवळ. मी काट्यावरचा आकडा वाचायचा सोडून कान लावला. आणि आवाज थांबला.

थोड्या वेळाने एक बाई म्हणाली, "सिस्टर, तुमचं पावणं ढकलगाडी घिऊन आलं बघा."

पुढे सुरेश हँडल धरून, मागे तात्या एका हाताने ढकलत. हँडलवर रिकामी बाटली हेलकावे खात होती. सुरेशने माझ्याकडे बघितलं नाही. गाडी स्टँडवर लावली आणि तो पायरीवर बसला.

"त्या वळनावरच्या बाभळीपाशी बंद पडली," तात्या म्हणाले. आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, हे मी कबूल करते. पण माघारही नव्हती. "धरनाची भित दिसत व्हती समोर. पन दिसनं म्हंजी पोचनं न्हवं."

बायकांनी पोरं पदराखाली ओढून घेतली. त्यांना कौलाचं काही माहीत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून कळलं असावं. मी हातातलं पोर तिच्या आईला दिलं. मला रडू येत होतं आणि मला तात्यांपुढे रडायचं नव्हतं, म्हणून मी गाडीपाशी गेले आणि ती बाटली उतरवायला लागले. निदान सरकारी बाटली तरी परत घ्यावी.

नळी सोडवताना माझं लक्ष दुसऱ्या नळीकडे गेलं. बारीक, काळी, इंजिनाच्या डोक्यावरून निघून वर टाकीत गेलेली.

"अहो, ही कशाची?"

"रिटर्नची," सुरेश मान खाली घालूनच म्हणाला. "नोझलला लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल पंप देतो. उरलेलं परत जातं."

"कुठे?"

"टाकीत."

तो बोलला आणि त्याची मान वर आली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

ट्रेनिंगमध्ये आमच्या ट्यूटर बाई एक गोष्ट घोकून घ्यायच्या. सलाईन लावलेल्या पेशंटच्या बाटलीतून किती आत गेलं एवढंच बघून निघालात तर तुम्ही अर्धं काम केलं. बाहेर किती आलं ते कोण मोजणार, तुमची सासू? आम्ही हसायचो. पण आत गेलेलं आणि बाहेर आलेलं, दोन्ही मोजायचं, हे अंगात मुरलं होतं. सुरेशलाही नळी ठाऊक होती. त्याच्याच हाताने बसवलेली. पण बाटली लावायची रीत पडली ती पेट्रोलच्या गाड्यांवर, आणि पेट्रोलच्या गाडीत गेलेलं परत येत नाही. रीत पिढ्यांची झाली की हात आपोआप चालतात, डोकं लागत नाही. सगळ्या तालुक्याने डिझेलच्या गाड्यांना तशाच बाटल्या लावल्या असतील आणि आपल्या गाड्यांना उगाच शिव्या घातल्या असतील.

"तात्या," मी म्हटलं, "टाकी सकाळी कोणी पुसली?"

"मी. का?"

"कोरडी होती?"

"म्हंजे काय! उपरनं बघ ह्ये."

"मग आता बघा."

सुरेशने टाकीची नळी सोडली आणि मी आतून औषधं मोजायचा काचेचा पेला आणून खाली धरला. आधी काहीच आलं नाही. मग बारीक धार लागली. पिवळसर, तेलकट, हिवाळ्याच्या उन्हात चमकणारी. ती थांबेना. पेला भरला तेव्हा मी दुसरा आणायला पळाले.

तात्यांनी पेला हातात घेतला, उन्हात धरला, बोट बुडवून वास घेतला. मग विचारलं, "म्हंजी गाडीचं बी पेशंटावानी हाये? आत घातल्यालं येगळं आनि भायेर आल्यालं येगळं?"

"भायेर न्हाई तात्या," सुरेश म्हणाला. त्याला आता हसू आवरत नव्हतं. "मागच्या दारानं घरातच. नोझल जुनं हाये, म्हनून जरा जास्तच परत आलंय."

आता तात्या काय म्हणतात याच्यावर सगळं होतं. ते म्हणू शकले असते, बाटली संपली, विषय संपला. भावकीत अशा शब्दांवर जमिनी गेल्यात. पण त्यांनी पेला खाली ठेवला, उपरणं पुन्हा खांद्यावर टाकलं आणि ते गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले.

"चल मागं," ते म्हणाले. "बाभळीपाशी. जिथं बंद पडली तिथनं मोजायचं, हितनं न्हाई."

दोघांनी ती जड गाडी ढकलत परत नेली. येताना तात्या एका हाताने ढकलत होते, आता दोन्ही हातांनी. पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. सुरेशने नंतर सांगितलं की परत आलेलं डिझेल त्याने बाटलीत ओतलं आणि या वेळी रिटर्नची नळीही त्याच बाटलीत सोडली. मग पान्याने नट सैल करून एअर काढली. आधी बुडबुडे आले, मग निखळ धार. तात्या वाकून बघत होते. किक त्यांनी मारली, असं सुरेश सांगतो. तात्यांनी हे कधी मान्य केलं नाही.

व्हरांड्यात मी पुन्हा काटा धरून उभी होते आणि त्या बायका आता माझ्याबरोबर कान देऊन होत्या. डग डग डग. आवाज वळणावरून आला, उपकेंद्रासमोर आला, आणि थांबला नाही! तात्या मागच्या सीटवर ताठ बसले होते, एका हाताने बाटली वर धरून, सलाईन धरणाऱ्या नातेवाइकासारखे. त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आवाज पुढे धरणाकडे गेला, लहान होत गेला, आणि मग पाण्यावरून त्याचा नुसता ठोका येत राहिला. मी हसत होते की रडत होते ते त्या बायकांना विचारायला हवं. एकीने माझ्या हातातून काटा काढून घेतला, एवढं आठवतं.

"धरनाच्या भितीला हात लावून आलो," परत आल्यावर तात्या म्हणाले. बस्स, एवढंच.

संध्याकाळी घरी जेवायला बसलो तेव्हा त्यांनी विषय काढला. "शब्द म्हंजी शब्द. नोकरी ऱ्हाऊ द्या. पन ह्यो रोज गॅरेज बंद करून बायकोला सोडाया जानार का?"

"मी चालवीन," मी म्हटलं.

बायका लुना चालवायच्या, नारायणगावात एखादी स्कूटर चालवायची. पण बुलेट, तीही डिझेलची, तीही सुनेने! तात्यांनी तेव्हा जी एअर धरली ती पाहण्यासारखी होती. तोंड उघडं आणि शब्द नाही. नट सैल केला तो सासूबाईंनी. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी त्यांना तात्यांसमोर मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. त्या भाकरी थापता थापताच म्हणाल्या, "ती जाती तवा घरातनं काय जातं त्ये तुमी लई मोजलं. परत काय येतं त्ये बी मोजा की आता. नळी हाये न्हवं?"

सकाळची सगळी हकिगत सुरेशने त्यांना चुलीपाशी सांगितली होती, हे मला नंतर कळलं. पण ती नळी कुठे जोडायची हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"चालव," शेवटी तात्या म्हणाले. "पन येक सांगतो. मी काय सुनंच्या मागं बसनार न्हाई."

मी कॅनॉलच्या रस्त्यावर शिकले. डिझेलच्या गाडीला नुसती ताकद चालत नाही. आधी हँडलवरची छोटी दांडी दाबून इंजिनाचा दम सोडावा लागतो, मग किक, मग दांडी सोडायची, आणि या तिन्हीत चूक झाली की किक उलटून नडगीवर बसते. माझ्या नडगीवर अजून खूण आहे. साडी सोडून पंजाबी ड्रेस घातला, त्याच्यावर गावाने चार दिवस बोलून घेतलं आणि पाचव्या दिवशी बोलणाऱ्यांच्याच सुनेला ताप आला तेव्हा मीच लागले. कडाक्याच्या थंडीत गाडी उठायची नाही, मग सासूबाई चुलीवरचं कोमट पाणी इंजिनावर ओतायच्या. "न्हाऊ घालतीया लेकीला," म्हणायच्या. पेट्रोलच्या गाडीने मला कधी असा लळा लावला नसता.

आणि तो रस्ता! पहाटेचं धुकं, मंचरच्या पुढे ओल्या कांद्याचा वास, उसाच्या गाड्यांवर गोधडीत गुरफटून झोपलेले गाडीवान, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांशी आमच्या इंजिनाचा ताल जुळायचा आणि सुटायचा. वेग असा की रस्त्याकडेचा माणूस विचारायचा, "सिस्टर, गोळी हाय का डोकंदुखीची?" आणि मी न थांबता पिशवीत हात घालून देऊ शकायचे. वेगवान गाडीवरून दिसलं नसतं ते सगळं मला दिसलं. कोणाच्या अंगणात बाळंतीण बसलीय, कोणाचं पोर सुकत चाललंय, कोणाच्या दारात दोन दिवस चूल पेटली नाही. डिंभ्याच्या बाजूला तर आल्याची वर्दी द्यायची गरजच उरली नाही. पाण्यापलीकडच्या वस्त्यांवर माझा आवाज पोहोचायचा आणि आया पोरांना अंघोळ घालायला घ्यायच्या. मासे धरणारे होडी काठाला लावायचे. मी पोहोचेपर्यंत व्हरांड्यात रांग तयार. सत्तर देते म्हणून आणलेल्या गाडीने हे जे दिलं, ते कोणत्या बाटलीत धरायचं?

तात्या मात्र शब्दाला पक्के राहिले. लग्नकार्य असो, बाजार असो, त्यांनी एस.टी.ची वाट पाहिली, उसाच्या ट्रॉलीवर बसून गेले, एकदा चक्क टेम्पोत शेळ्यांबरोबर गेले. पण माझ्या मागे बसले नाहीत. मीही म्हटलं नाही. अंगणातून मी निघाले की ओसरीवरून "हवा बघितली का चाकात?" एवढं विचारायचे. ते मी वर्षानुवर्षं आशीर्वाद म्हणून घेतलं.

मग एका थंडीत, गाडीही म्हातारी होत आली असताना, तात्यांना जुलाब-उलट्यांनी गाठलं. अंगातलं पाणी संपलेलं, डोळे खोल. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, मी माझ्याच हाताने सलाईन लावली. बाटली टांगली, धार जुळवली. दुपारपर्यंत त्यांना तरतरी आली. ते उताणे पडून वर टांगलेल्या बाटलीकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, घाबरलेत.

"काय झालं तात्या?"

"कुठवर जाईल गं ही?"

मला क्षणभर कळलं नाही. मग त्यांच्या मिशीखालचं हसू दिसलं आणि माझा जीव भांड्यात पडला. "डिंभ्यापर्यंत," मी म्हटलं. "रिटर्न धरला तर भिंतीपर्यंत."

सोडायच्या दिवशी सुरेश म्हणाला, जीप सांगून येतो. तात्या खाटेवरून उठले, उपरणं खांद्यावर टाकलं, भिंत धरत दवाखान्याच्या दारापर्यंत गेले. बाहेर माझी गाडी उभी होती. ते तिच्याकडे बघत राहिले.

"जीप कशाला?" ते म्हणाले. "गाडी हाये की."

सुरेशने तोंड उघडलं, मी डोळ्यांनी त्याला गप्प केलं. हळूच दांडी दाबली, किक मारली. देव पावला आणि गाडी पहिल्याच फटक्याला उठली. सुरेशने तात्यांना हात धरून मागे बसवलं. सासऱ्याने सुनेला हात लावायचा नसतो, म्हणून त्यांनी मागचा कॅरिअर घट्ट धरला होता; आरशात मला त्यांचे दोन-दोन हात दिसत होते. हंगाम भरात होता. पुढे उसाच्या गाड्यांची रांग. एरवी मी सरळ बाहेरून काढते. पहिल्या खड्ड्याला गाडी आदळली आणि माझ्या खांद्यावर एक हात येऊन पडला. हाडकुळा, गरम, सुईच्या जागी पट्टी असलेला. मला वाटलं, खड्डा गेला की उचलतील. त्यांनी उचलला नाही.

"दमानं चालीव," तात्या माझ्या कानाशी म्हणाले. "अॅव्हरेज जाईल."

मी उसाच्या शेवटच्या गाडीच्या मागे गाडी घातली आणि घरापर्यंत तिथेच ठेवली.